चिन्नीची दृष्टी

५ जुलै २०१२, गुरुवार. पहाटे साडेपाच

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कारण लिहून काढते, मग डोकं जरा हलकं होईल. काल कुत्र्यांच्या डॉक्टरनं सांगितलं की चिन्नीची दृष्टी जाते आहे आणि ती मक्कळांना येणार. मक्कळ म्हणजे पोरं. माझ्या घरात पोर एकच. वेणी. अकरा महिन्यांची.

ही वही ह्यांची, खालच्या शिवणाच्या दुकानातली, जुन्या मापांची. पुढनं शाळेच्या पोरांच्या कमरा आणि बाह्या, मागनं मी. कुणी वाचायची नाही. सातवीपर्यंत शिकले, तीही कन्नड शाळा. मराठी अक्षर आजोबांनी पाटीवर काढून घेतलं, तेवढंच. चुका असतील तर असोत.

पहिल्यापासून लिहिते. चिन्नी आमची नव्हे, अण्णाची. अण्णा म्हणजे नागोजीराव, माझा थोरला भाऊ, मेटगळ्ळीला फॅक्टरीत आहे. वहिनीला कुत्र्याच्या केसांनी दम लागतो, म्हणून चिन्नी इथं मंडी मोहल्ल्यात आमच्या गच्चीवर. तीन वर्षं झाली. लॅब्रडॉर आहे, गव्हाच्या रंगाची. आता तिचं जमवलंय. बेंगळूरचे वेंकोजीराव म्हणून कुणी आहेत, त्यांचा ब्रूनो. पण वेंकोजीराव म्हणतात कागदाशिवाय भेट नाही. ब्रूनोच्या खुब्याचा एक्सरे आहे, रक्त बघितलंय, डोळे बघितलेत. मुलीचंही सगळं पाहिजे. माझ्या लग्नात पत्रिका तेवढी बघितली होती. डोळे कुणी बघितले नाहीत, ह्यांचेही नाहीत.

खुबे आणि रक्त अण्णानं करून आणलं, पास. डोळ्यांचा डॉक्टर बसतो त्याच वेळी अण्णाची शिफ्ट, म्हणून काल मी गेले. वेणी कडेवर, चिन्नी दोरीला.

डॉक्टरचं नाव हयग्रीव. हळू बोलतो, शाळामास्तरासारखा. चिन्नीच्या डोळ्यांत थेंब घातले आणि वीस मिनिटं बसवलं. बुबुळं ही एवढी मोठी झाली, सगळा डोळा काळा. मग आत अंधाऱ्या खोलीत. त्याच्या कपाळावर दिवा, हातात भिंग. कापसाचा बोळा तिच्या नाकापुढनं खाली सोडला. चिन्नीनं बघितलं नाही. परत सोडला. ती माझ्याकडे तोंड करून शेपूट हलवत बसली. मग डॉक्टर कन्नडात म्हणाला, दृष्टि होग्ता इदे अम्मा. दृष्टी जाते आहे. मी म्हटलं, ओळ्ळेदायितु सार, बरं झालं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, इदु मक्कळिगू बरुत्ते. ही पोरांनाही येते.

आमच्यात दृष्ट म्हणतात, इथं सगळे दृष्टी म्हणतात. दृष्टी लागते, दृष्टी काढतात, दृष्टी जाते. चिन्नीला लागली आहे हे खालची शांताक्का महिनाभर सांगतेच आहे. तिन्हीसांजेला ती भिंतीला धडकते, पायरी चुकते, पाण्याचं भांडं सांडते. एवढं देखणं जनावर, रस्त्यावरचा जो तो बघत जातो, लागणारच. शिकलेला डॉक्टरही दृष्टी मानतो बघून मला बरं वाटलं. दुसरं वाक्य डोक्यात शिरलं ते बसमध्ये. चिन्नीतनं निघून पोरांवर येणार. आणि म्हणताना त्यानं वेणीकडे बघितलं होतं. बघितलंच होतं. वेणी त्याच्या भिंगाकडे हात करत होती.

कागद दिलाय, सगळा इंग्रजी. मसाल्याच्या डब्यामागे ठेवलाय.

मी काही भिऊन बसणारी बाई नाही. आजपासून चिन्नी गच्चीवर, वेणी खाली, मधलं दार बंद. संपलं.

दुपारी

दार चाळीस मिनिटं बंद होतं. चिन्नी दाराच्या वरनं रडली, वेणी खालनं. मग वेणीला उचकी लागली. उघडलं. दार उद्यापासून.

६ जुलै, शुक्रवार

आषाढातला शुक्रवार. शांताक्का पहाटेच चामुंडी बेट्टाला, डोंगरावर, जाऊन आली, कुंकू आणून दिलं. मी सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली, चप्पल काढली, टाचेचा काटा काढत ऐकलं. म्हणाली, डॉक्टरनं बरोबर सांगितलंय गिरिजम्मा, दृष्टी सुम्मे, उगीच, हवेत जात नाही, तिला बसायला कुणीतरी पाहिजे. मग म्हणाली, मक्कळ म्हणाला की कुणाची मक्कळ म्हणाला? मी म्हटलं, कुणाची ते म्हणाला नाही. ती म्हणाली, मग झालं तर. कुत्रीला तिची स्वतःची पोरं होऊ देत. आईची दृष्टी आधी आईच्या पोरांवर जाते. घरात सात पिल्लं असताना ती तुझी एकटी वेणी कशाला शोधत येईल?

हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही. म्हणजे चिन्नीला पिल्लं व्हायलाच पाहिजेत, आणि लवकर.

शांताक्का उठता उठता म्हणाली, पण आषाढात? इथं नव्या सुनांना माहेरी पाठवतात, आणि तुम्ही मराठे लोक कुत्रीला सासरी पाठवता.

हे आणि अण्णा फोनवर बोलले तेव्हा ह्यांनीही तेच विचारलं होतं. अण्णा म्हणाला होता, चिन्नीला पंचांग कळत नाही, तिला तिचा बारावा दिवस कळतो. मंगळवारी ती हीटला, म्हणजे माजावर, आली. तिथनं बारावा दिवस म्हणजे पुढचा शनिवार, १४ तारीख. अण्णाची पहिली शिफ्ट दोनला सुटते. तिथनं इकडे येणार आणि तिला बेंगळूरला घेऊन जाणार.

संध्याकाळी अण्णाचा फोन. डोळ्यांचं काय झालं गिरी? माझ्या तोंडातनं आलं, पास.

मी अण्णाशी आजवर खोटं बोलले नव्हते. अप्पा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. तेव्हापासून फी, कपडे, लग्न, बाळंतपण, सगळं अण्णानं. पण हे खोटं नव्हे. दृष्टी जाते आहे म्हटल्यावर पासच की. अण्णा म्हणाला, शाबास, मला त्याचीच धास्ती होती. मग म्हणाला, कागद जपून ठेव. मी म्हटलं, ठेवलाय.

मसाल्याच्या डब्यामागे नको. ट्रंकेत ठेवला, साडीखाली.

७ जुलै, शनिवार

झोप थोडी लागली, दोन तास. तरी तपासून बघितलेलं बरं म्हणून सकाळी वेणीला भिंतीला टेकवून बसवलं आणि डॉक्टरनं केलं तसं केलं. कापसाचा बोळा नाकापुढनं सोडला. तिनं बघितला, उचलला, खाल्ला. बोटानं काढला. पास.

परत केलं, डावीकडनं. बघितलं नाही. परत डावीकडनं. बघितलं नाही. मग दिसलं, चिन्नी दाराशी येऊन बसली होती आणि वेणी तिच्याकडे बघत होती. दार उघडं राहिलं होतं.

दुकानातनं रंगीत दोरे आणले, लाल, पिवळा, खाकी. लाल बघते, पिवळा बघते. खाकी बघत नाही. हे म्हणाले, खाकी मीही बघत नाही आता, दीडशे चड्ड्या शिवल्यावर. मी म्हटलं, चेष्टा नको. हे म्हणाले, पोरीला जेवायला घाल, दोरे घालू नको. शाळांच्या ऑर्डरी राहिल्यात, माणूस दुकानातनं जेवायला तेवढा वर येतो. त्यांना सांगण्यात अर्थ नाही. सांगितलं की म्हणतात, बघू.

मीठमिरची काढली वेणीवरनं. मिरची जळली, वास आला नाही. म्हणजे दृष्ट होती. मग चिन्नीवरनं काढली. वास आला, सगळे खोकलो, शांताक्का खालनं ओरडली. म्हणजे चिन्नीची गेली. गेली ती कुठं?

८ जुलै, रविवार

अण्णा आला होता. चिन्नीला गच्चीवर आंघोळ घातली, कान पुसले, नखं कापली. एखाद्या मुलीचा बाप असावा तसा. वेणीला मांडीवर घेऊन बिस्कीट दिलं. अर्धं वेणी, अर्धं चिन्नी. मी म्हटलं, उष्टं नको. अण्णा म्हणाला, तू मातीसुद्धा खाल्लीस गिरी, सोड की.

मग कागद मागितला. मी म्हटलं, ह्यांच्याकडे दुकानात आहे. अण्णा जाताना दुकानात डोकावला. हे म्हणाले, कुठला कागद? अण्णा परत वर आला. मी म्हटलं, हां, झेरॉक्सला दिलाय. अण्णा म्हणाला, शनिवारपर्यंत घेऊन ठेव, वेंकोजीराव कडक माणूस आहे, कागद वाचल्याशिवाय गेट उघडत नाही.

मी सहज विचारलं, डोळ्यांचं एवढं काय असतं त्यांना. अण्णा म्हणाला, खुबा दुखला तर कुत्रं लंगडतं, दिसतं. डोळ्यांचं तसं नाही. आईत असलं की पिल्लांत उतरतं, आणि कळेपर्यंत ती सगळीकडे गेलेली असतात. लोक लहान पोरांसाठी घेतात गं, मग ती पोरं रडतात.

म्हणजे उतरतं हे अण्णालाही माहीत आहे. वेंकोजीरावांनाही माहीत आहे. मोठी माणसंही मानतात, नुसतं दुसऱ्या शब्दांत बोलतात. शांताक्काचं बरोबर.

एक गोष्ट मात्र मनातनं जाईना. सात पिल्लं होतील. त्यांच्यावर ती बसणार. त्यांची आई चिन्नी, आणि चिन्नीला मी विचारलं नाही. ती आंघोळीनंतर पदराला अंग पुसत माझ्या पायाशी पडली होती. नको ते विचार. तिला सात आहेत, मला एक.

नव्हे, तिला अजून एकही नाही. तरीपण.

१० जुलै, मंगळवार

वेणी रांगत दारातनं गच्चीवर गेली. मी भात उतरवत होते, एक मिनिट. बघते तर चिन्नी तिचं तोंड चाटत होती. डोळ्यांवरनं, गालांवरनं, अगदी मन लावून. घेतली उचलून आणि डोळे धुतले. साध्या पाण्यानं, मग उकळून गार केलेल्या पाण्यानं, मग गुलाबपाण्यानं. गुलाबपाण्यानं दोनदा. झोपायच्या आधी आणखी एकदा.

आता काही होत नाही. पाण्यापुढे दृष्टीचं काय चालतं.

११ जुलै, बुधवार

वेणीचा उजवा डोळा लाल.

आली.

११ जुलै, दुपारी

लाल आहे आणि पाणी येतंय. वेणी मुठीनं चोळते आणि रडते. मी परत गुलाबपाणी घातलं. आणखी लाल झाला. शांताक्का म्हणाली, अय्यो, पिल्लं व्हायला दोन महिने लागतात, ती तोवर कुठं थांबणार? हे आधी का नाही सांगितलं. तिनं लिंबू कापून चार दिशांना टाकलं. एक दिशा दुकानात गेली, ह्यांच्या टेबलावर. हे वर येऊन म्हणाले, कापडाला डाग पडला तर मी कुणाची दृष्टी काढू?

ठरलं. उद्या सकाळच्या गाडीनं वेणीला घेऊन नंजनगूडला आईकडे जाते. चिन्नी जाईपर्यंत यायचंच नाही. अण्णा चावी ह्यांच्याकडनं घेईल. कागदाचं अण्णा आणि हे बघून घेतील.

१२ जुलै, गुरुवार

स्टेशनपर्यंत गेले. गाडी लागलेली होती, बसलेही. समोरची बाई वेणीकडे बघून म्हणाली, काय गं डोळा आलाय का पोरीचा, आमच्या गल्लीत सगळ्यांना आलाय. मी म्हटलं, डोळा नव्हे, दृष्टी. ती उठून पलीकडच्या बाकावर गेली.

मग आठवलं, चिन्नीला दुपारचं खायला घालणारं घरी कुणी नाही. हे विसरतात. आणि घातलं तरी तिला भांडं नेहमीच्या जागी लागतं, नाहीतर ती शोधत फिरते. उतरले. गाडी गेली.

घरी आले तर ती जिन्याच्या वरच्या पायरीवर, नाक खाली करून, पायानं पायरी चाचपत उभी होती. दिवसाउजेडी. मी हाक मारली तेव्हा तोंड वळवलं, पण माझ्या डाव्या बाजूला, जिथं मी नव्हते तिथं.

हे काय आहे कळत नाही. दृष्ट गेली तर जनावर बरं व्हायला पाहिजे. ही तर वाईटच होत चालली.

ठरलं. उद्या शुक्रवार, डॉक्टर बसतो. त्यालाच दाखवते. माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन काय सांगू? ते दृष्टी मानत नाहीत. ह्यानं पहिल्यांदा ओळखली, हाच काढेल.

१३ जुलै, शुक्रवार

जमेल तसं लिहिते.

वेणीला घेऊन गेले, चिन्नीला नेलंच नाही. काउंटरवरच्या मुलीनं मान खाली ठेवूनच विचारलं, पेशंटचं नाव. मी म्हटलं, कृष्णवेणी. वय? अकरा महिने, आता बारावा लागेल. जाति यावुदु, जात कोणती? मी म्हटलं, मराठा. तिनं रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं, मग लिहिलेलं बघितलं, मग मान वर केली. म्हणाली, कुत्रं कुठाय? मी म्हटलं, घरी. पेशंट ही आहे. तिनं पेन खाली ठेवलं. बाकावरचा एक माणूस मांजराचा पिंजरा घेऊन हसायला लागला, मांजरानं फुस्स केलं.

डॉक्टरनं आत बोलावलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. म्हणाला, अम्मा, मी हिला औषध देऊ शकत नाही, मी जनावरांचा. मी रडायला लागले. म्हटलं, तुम्हीच म्हणालात मक्कळांना येणार म्हणून, आली बघा, उजव्या डोळ्यात आली. त्यानं वेणीच्या डोळ्याकडे लांबनंच बघितलं आणि विचारलं, ह्यात काय घातलंस? मी म्हटलं, गुलाबपाणी. किती वेळा? मी मोजून सांगितलं. तो म्हणाला, माझ्या डोळ्यात एवढं घातलंस तर माझाही लाल होईल. घालायचं बंद कर आणि पलीकडच्या रस्त्याला लहान मुलांचा डॉक्टर आहे तिथं आत्ता जा.

मग म्हणाला, पण दृष्टीचं काय म्हणतेस तू? मी सगळं सांगितलं. मीठमिरची, लिंबू, शांताक्का, सात पिल्लं. तो खुर्चीत मागे टेकला. माझीच चूक, म्हणाला, मी शाळेतला शब्द वापरला. दृष्टी म्हणजे लागते ती दृष्टी नव्हे. कण्णु काण्सल्ल, अष्टे. डोळ्यांनी दिसत नाही, एवढंच.

म्हणाला, डोळ्याच्या आतला पडदा झिजत चाललाय. आधी तिन्हीसांजेला दिसेनासं होतं, मग दिवसा. औषध नाही. दुखत मात्र नाही. आणि मक्कळ म्हणजे तुझं बाळ कसं असेल अम्मा, तिची मक्कळ. मरी. पिल्लं. आईबापाच्या रक्तातनं येतं ते, चाटण्यातनं नाही, बघण्यातनं नाही. म्हणूनच तर तपासतात. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय की, हिला पिल्लं होऊ द्यायची नाहीत.

मी म्हटलं, मोठी अक्षरं बघितली, मला वाटलं हॉस्पिटलचं नाव आहे.

तो म्हणाला, त्या दिवशी मी म्हटलं कुत्री आंधळी होते आहे आणि तू म्हणालीस बरं झालं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज एक विचित्र बाई आली होती.

मग विचारलं, पिल्लांचं काही केलं नाहीस ना? मी म्हटलं, नाही नाही. परत खोटं. एकदा सुरुवात झाली की तोंडाला वळण पडतं.

उठताना मी विचारलं, तिला कळतं का, दिसत नाही ते? तो म्हणाला, तिनं घर नाकानं पाठ केलंय, तू सामान हलवू नको म्हणजे झालं.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले. म्हणाल्या, दोन दिवसांत उतरेल. टॉर्च हलवून दोन्ही डोळे बघितले, नजर चांगली आहे म्हणाल्या. नजर. मी तीनदा विचारून घेतलं, नजर म्हणजे कुठली नजर.

वेणीला काही नाही. काही नाही, काही नाही, काही नाही. बसमध्ये मी हसत होते आणि रडत होते, कंडक्टरनं तिकीट दोनदा विचारलं.

संध्याकाळी

वेणीची भीती गेली, तेव्हा तिच्याखालची दुसरी भीती दिसायला लागली.

मी दृष्टी चिन्नीच्या पोरांवर ढकलत होते. ढकलत होते ते कळून. खरंच दृष्ट असती तरी मी तेच केलं असतं. आणि आता तर ती पिल्लं खरोखरच आंधळी होणार होती, सात घरांत, सात वेण्यांपुढे. अण्णाच्या नावावर.

उद्या दोनला शिफ्ट सुटते.

काही अवघड नाही. फोन करायचा आणि सांगायचं, अण्णा, डोळे नापास, मला शब्द कळला नाही. एवढंच. सख्खा भाऊ आहे. खाणार नाही. आत्ता लावते.

सव्वासात

लावला. एक रिंग झाली आणि मीच कापला. वेणी रडल्यासारखी वाटली. झोपली होती.

साडेसात

अण्णानं उचलला. मी म्हटलं, जेवलास का? तो म्हणाला, साडेसातला कोण जेवतं गिरी. मग म्हणाला, चिन्नीला नवीन पट्टा घेतलाय, लाल, उद्या घालू. वेंकोजीरावांशी बोललो, त्यांना म्हटलं, माझी बहीण पोर कडेवर घेऊन गेली पण कागद करून आली, शिकलेली नसली तरी एका शब्दाची आहे. त्यांनी तुला नमस्कार सांगितलाय.

मी म्हटलं, माझाही सांग.

पावणेआठ

परत लावला. वहिनीनं उचलला. तिच्याशी कोबीच्या भावावर बोलले.

ह्यांना सांगायला दुकानात उतरले. हे बाह्या कापत होते. म्हटलं, अहो, एक सांगायचंय. हे म्हणाले, खडू सरकव. सरकवला. म्हटलं, चिन्नीचं. हे म्हणाले, उद्या तो नेतोय ना, मग बघू. मी वर आले.

उद्या सकाळी सहाच्या आत लावते, शिफ्टच्या आधी. सकाळी माणसाचं डोकं थंड असतं. माझंही धैर्य सकाळी जास्त असतं.

१४ जुलै, शनिवार. सकाळी सव्वासहा

सहा वाजून गेले. फोन हातात होता. शिफ्टमध्ये फोन लॉकरला ठेवतात. आता दोनपर्यंत लागायचा नाही. म्हणजे आता माझ्या हातात नाही.

थोडं बरं वाटलं. मग बरं वाटलं म्हणून भीती वाटली.

काही हरकत नाही. तोंडावरच सांगते. दारात आला की पाणी द्यायचं, बसवायचं, आणि कागद हातात ठेवायचा. इंग्रजी त्याला येतं. मला बोलायचीसुद्धा गरज नाही. ट्रंकेतनं कागद काढला, इस्त्री केला.

सकाळी अकरा

आरशापुढे उभं राहून बोलून बघितलं. अण्णा, चूक झाली. आवाजच निघत नाही, नुसती हवा. मग चिन्नीला समोर बसवून बोलले. आवाज निघाला. ती माझ्या कानाकडे तोंड करून ऐकत होती. तिचा हात हातात घेतला, म्हणजे पाय, आणि सांगितलं, नाही होऊ देणार. तिनं माझं मनगट चाटलं. मी धुतलं नाही.

आता भीती नाही.

दुपारी एक वाजता

जिन्यात बूट वाजले. अण्णाच लवकर आला वाटलं. वेणीला उचललं, वही काखेत मारली, चिन्नीला ओढलं, गच्चीवर आले आणि कडी घातली. शांताक्काकडचा गॅसवाला होता. कळलं, पण कडी काढवत नाही. आता इथंच आहे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. वेणीचा डोळा उतरलाय, आज जवळजवळ पांढरा आहे. चिन्नी भिंतीला पाठ लावून बसली आहे.

वही खाली सोडते आहे. शिवणाच्या दोरीला बांधून गच्चीच्या कठड्यावरनं, दुकानाच्या दारापुढे. कागदही तिच्यात आहे. मी तोंडानं सांगू शकत नाही, खूप करून बघितलं.

हे वाचणारे तुम्ही जे कोणी असाल, आमचे हे असाल, शांताक्काला वाचून दाखवणारं कुणी असाल, रस्त्यावरचं कुणी असाल, कृपा करून माझ्या भावाला फोन करा. नागोजीराव, नंबर शेवटच्या पानावर आहे, लाल खडूनं. दोनच्या आधी लागत नाही. सव्वादोनला तो गाडीला किक मारतो, मग ऐकू येत नाही. त्या पंधरा मिनिटांत करा. त्याला सांगा, चिन्नीला डोळ्यांनी दिसत नाही, आईत आहे ते पिल्लांत उतरणार, बेंगळूरला न्यायचं नाही. गिरिजेला शब्द कळला नाही म्हणून सांगा. खोटं बोलली तेही सांगा, ते ऐकून तो काय म्हणतो ते मला मात्र सांगू नका.

आणि कन्नडात सांगत असाल तर दृष्टी जाते आहे असं म्हणू नका, तोही बरं झालं म्हणेल. कण्णु काण्सल्ल म्हणा. फोन करा.